उचलायचा नाही असा फोन

सूर्य शिवनेरीच्या आड जायच्या आत आमच्या घरातली जेवणं आटोपलेली असत. जैनांच्या घरात यात नवल काही नाही, पण जुन्नरच्या आमच्या गल्लीत आमचं तेवढं एकच घर तसं, म्हणून मला ते फार जाणवायचं. शेजारीपाजारी तेव्हा कुठं चुलीकडं वळायचे. भाकरी थापल्याचे आवाज यायचे, फोडणीतल्या मिरचीचा ठसका आमच्या खिडकीतून आत यायचा, कुणाची तरी आई पोरांना हाका मारायची. आणि आमची आई, जिला आम्ही बाई म्हणायचो, शेवटचं पातेलं पालथं घालून पदराला हात पुसत असायची. उद्या सकाळपर्यंत आता घरात काही शिजणार नाही, कुणी काही खाणार नाही, ताटवाटी वाजणार नाही. पोट भरलेलं आणि अख्खी संध्याकाळ रिकामी. लोकांना भुकेचा त्रास आठवतो, मला त्या भरल्या पोटाच्या रिकामपणाचा आठवतो.

चातुर्मासात तर घर आणखी ओस पडायचं. साध्वीजी गावात मुक्कामाला असायच्या, आणि वडील दिवेलागणीच्या आत कापडाचं दुकान बंद करून बाईसह स्थानकात, म्हणजे साध्वीजींच्या मुक्कामाच्या जागी, प्रतिक्रमणाला, दिवसभरातल्या चुकांची क्षमा मागायला जायचे. वडिलांना सगळी पेठ भाऊ म्हणायची, म्हणून आम्हीही भाऊच म्हणत आलो. मी जात नसे, कारण माझं बारावीचं वर्ष होतं आणि अभ्यास हे असं कारण होतं की त्याच्यापुढं भाऊंचा धर्मही चार पावलं मागं सरायचा. अभ्यास मी काय करत होते ते माझं मलाच माहीत. शाळेत माझी एकच जिवाची मैत्रीण होती, डिंगोऱ्याहून एस्टीनं यायची. दहावी झाली आणि तिला उजवून टाकलं. कॉलेजात मी पुढच्या बाकावर एकटी बसायची आणि घरी येऊन मधल्या खोलीत एकटी बसायची. दुकान पुढं, स्वयंपाकघर मागं आणि मध्ये ही खोली, तिच्यात टीव्ही, फोन आणि मी.

माझ्याहून तीन वर्षांनी मोठी शोभाताई त्याच वैशाखात लग्न होऊन कळंबला गेली होती. माणसं चांगली होती, हे आधीच सांगते, नाही तर वाचणारा लगेच सासूला छळाच्या कामाला लावतो. घरात सासू-सासरे, नवरा आणि अंथरुणाला खिळलेले, ठार बहिरे आजेसासरे. नवरा मंचरच्या दुकानात सकाळी जायचा आणि काळोख पडल्यावर यायचा. सासूबाई मितभाषी, त्यातून चातुर्मासात त्यांचं मौन. सासरे तर जन्माचेच अबोल. म्हणजे ताईला कुणी बोललं नाही, आणि कुणी तिच्याशीही बोललं नाही. नव्या सुनेनं माहेरी ऊठसूट फोन करायचा नाही, हा त्यांचाच काय, आमचाही रिवाज होता. रविवारी इकडून भाऊ फोन लावायचे. सासूबाई शेजारी बसलेल्या असायच्या. भाऊ विचारायचे, "कशी हायेस?" ती सांगायची, "मजेत हाये." मग भाऊ तिकडच्या पावसाची चौकशी करायचे, आणि फोन संपायचा. मला कधी दिला, तर "अभ्यास कर गं" एवढंच ऐकू यायचं. ताई, जी झोपेतही बडबडायची.

आता त्या मालिकेबद्दल. नाव सांगत बसत नाही, आम्ही तिला नुसतं 'यान' म्हणायचो. आम्ही लहान असताना दर रविवारी सकाळी ती लागायची. पृथ्वीवरून निघालेलं एक यान, त्यातली मूठभर माणसं, परत जायचा रस्ता हरवलेला, आणि दर आठवड्याला एक नवा ग्रह. गल्लीत टीव्ही आमच्याकडंच, त्यामुळे पंचवीस पोरं मधल्या खोलीत दाटीवाटीनं बसायची आणि चपलांचा ढीग पार दुकानाच्या पायरीपर्यंत जायचा. बाकीच्यांचं यान टीव्ही बंद झाला की संपायचं, आमचं मात्र नंतर सुरू व्हायचं. दुकानाच्या मागच्या कोठीत कापडाच्या ताग्यांच्या थप्प्या असायच्या, त्यांच्या मधोमध अंग चोरून बसायला जागा होती. नव्या मांजरपाटाचा खळीचा वास, वरून येणारा पिवळट उजेड, आणि ताई कप्तान. मी कायम डॉक्टर, कारण कप्तान व्हायचा माझा नंबर कधी आलाच नाही. एकदा परग्रहावर उतरताना आम्ही साटीनचा अख्खा तागा जमिनीवर उलगडला आणि बाईनं आम्हा दोघींना लाटण्यानं पृथ्वीवर आणलं.

लग्नानंतर पहिल्यांदा आषाढात ताई माहेरी आली, आणि नेमकं त्याच दिवसांत 'यान' पुन्हा दाखवायला लागले, या खेपेला रोज संध्याकाळी. पहिला भाग आम्ही दोघींनी शेजारी बसून पाहिला. सुरुवातीचं संगीत लागलं तशा दोघीही टीव्हीपुढं सरकलो. मग यान उडालं आणि त्याच्या मागचे तारे थरथरले. तो पडदा होता, रंगवलेला पडदा, आणि त्याला कुठून तरी वारा लागत होता. ताईनं माझ्याकडं पाहिलं, मी ताईकडं, आणि आम्ही इतक्या हसलो की ताईला ठसका लागला. कप्तानाच्या पुढ्यातली गोल बटणं अगदी आमच्या मिक्सरला होती तशी. लहानपणी इतक्या भक्तिभावानं आम्ही हे पाहत होतो, याचंच आम्हाला हसू येत होतं.

जायच्या आदल्या दिवशी ताई म्हणाली, "मंजे, तिथं संध्याकाळी सगळी स्थानकात जात्यात. आजोबांपाशी मी एकलीच असती. त्यांना ऐकू येत न्हाई, चित्रं हलली तरी खूश असत्यात. मी टीव्ही लावीन. पण हसायचं कुणासंगं?" त्यावर आम्ही युक्ती काढली. मिस्ड कॉल हा शब्द तेव्हा नव्हता, रिंग देणं म्हणत. फोन उचलला नाही तर पैसे पडत नसत. हसू आलं की एक रिंग देऊन ठेवून द्यायचं. भारी वाटलं तर दोन. रडू आलं तर वाजू द्यायचं, पण उचलायचं नाही. उचलायचं नाही ही अट ताईचीच होती. उचलला की बिल आलं, बिल आलं की प्रश्न आले.

आणि ते सुरू झालं. मी या टोकाला, आवाज अगदी बारीक करून टीव्हीसमोर, ताई त्या टोकाला. परग्रहावरच्या हिरव्या माणसाच्या मनगटावर घड्याळ काढल्याची पांढरी खूण दिसली की मी फोनकडं बघायची, आणि तो एकदाच वाजून बंद व्हायचा. तिनंही पाहिलं होतं. कधी मी आधी द्यायची, मग तिची उलट रिंग यायची, म्हणजे होय गं, कळलं. ज्या ग्रहाला आम्ही लहानपणी थरथर भ्यायचो, तो साधी खडीची खाण होता, मागं डंपरच्या चाकांच्या खुणासुद्धा होत्या. पण गंमत अशी की जे भाग तेव्हा कंटाळवाणे वाटायचे, ज्यांच्या वेळी आम्ही उठून शेंगदाणे आणायला जायचो, तेच आता चटका लावायला लागले. त्यातली डॉक्टरीण एका भागात नुसती खिडकीशी बसून राहते. काही घडत नाही. कुणी विचारतं, काय बघतेस, आणि ती म्हणते, काही नाही, तिकडं आता सकाळ झाली असेल. लहानपणी हे वाक्य मी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी फोन वाजत राहिला, वाजत राहिला, आणि मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसून रिकाम्या घरात तो वाजताना ऐकत राहिले. हात उचलायला शिवशिवत होता. नाही उचलला.

आज ती सगळी मालिका मोबाइलवर आहे, कधीही बघा, कितीही वेळा बघा. खाली अनोळखी माणसांनी काय काय लिहिलेलं असतं. कुणी पडद्याला हसतं, कुणी लिहितं की हे मी माझ्या वडिलांबरोबर पाहायचो. मी चित्र कमी आणि ते लिहिलेलंच जास्त वाचते. स्वतः अजून एकदाही काही लिहिलेलं नाही. भाचीनं विचारलं, मावशी, तुला एवढं आवडतं तर लिही ना काहीतरी. काय लिहू? एवढ्या लोकांना एकदम सांगायची मला सवयच नाही.

त्या चातुर्मासात एका संध्याकाळी बाईचे गुडघे दुखायला लागले म्हणून ती स्थानकातून लवकर परतली. दारात चप्पल काढतेय तोच फोन एकदा वाजून थांबला. "कुणाचा गं?" "राँग नंबर." दुसऱ्या दिवशी ती मुद्दामच लवकर आली असणार. पुन्हा तेच. समोरच्या घरातली शेजारीण तिला म्हणाली म्हणे, तुम्ही घरात नसलात की तुमच्याकडं फोन वाजतो आणि बंद होतो, रोजचं आहे. बारावीतली मुलगी, रिकामं घर, ठरल्या वेळी वाजणारा आणि न उचलला जाणारा फोन. याचा अर्थ आमच्या पेठेत एकच लागत होता, आणि मी बाईच्या जागी असते तर मीही तोच लावला असता. तिनं मला तीनदा विचारलं, कोण आहे. मी तीनदा कुणी नाही म्हटलं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? भाऊ सरळ माणूस. त्यांनी त्याच पावली कळंबला फोन करून व्याह्यांची माफी मागितली असती, की आमची मुलगी तुमच्या माघारी फोनला हात लावते, तिला समज द्या. आणि ताईच्या हातातून तेवढंही गेलं असतं.

तेव्हा बाई रडली आणि मग रागावली. "पुण्याच्या कालेजाचं आता नाव काढायचं न्हाई. बारावी झाली की घोडनदीच्या पावण्यांना बोलवू." हे घोडनदीचे पाहुणे म्हणजे कुणीतरी सुचवलेलं स्थळ. मला पुण्याला जायचं होतं, फार जायचं होतं, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी पुण्यापेक्षा मला संध्याकाळची भीती वाटली. ती रिंग बंद झाली तर मी त्या वेळात करणार काय, हेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, बाई स्थानकात गेली, आणि भाऊंनी मधल्या खोलीत फोनच्या समोर आसन अंथरलं. चातुर्मासात भाऊंनी स्थानक चुकवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. एकदा अंगात ताप असताना रिक्षा करून गेले होते. तोंडापुढं धरायची मुहपत्ती हातात घेऊन ते बसले आणि मला म्हणाले, "तू तुजं रोजचं कर." मी पुस्तक उघडलं. "रोज पुस्तक आसतं व्हय? टीव्हीचा आवाज शेजारी जातो. लाव." मी टीव्ही लावला. पडद्यावर काय चाललं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मी मनातल्या मनात ताईला सांगत होते, आज नको, आज देऊ नकोस.

फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत भाऊंनी उचलला आणि कानाला लावला. बोलले काहीच नाहीत, समोरचा बोलतो का ते बघत राहिले. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, फक्त भाऊंचा चेहरा दिसत होता. आधी तो दगडासारखा होता. मग त्यांनी टीव्हीकडं पाहिलं, मग हातातल्या फोनकडं, पुन्हा टीव्हीकडं. जे पडद्यावर वाजत होतं, तेच त्यांच्या कानात वाजत होतं. आणि मग पलीकडून कुणीतरी बोलायला लागलं असणार, कारण भाऊंनी डोळे मिटून घेतले.

ताई काय बोलली, ते तिनंच मला पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. फोन उचललेला बघून तिला वाटलं, मीच उचलला. ती म्हणाली, "मंजे, उचललास व्हय? बरं केलंस. ठेवू नको. बिल येऊ दे. चार दिवस झालं, माज्याशी कुणी एक सबूद बोललं न्हाई गं. आजोबा तरी काय बोलणार. तू बोल कायतरी. कायबी बोल."

इकडं भाऊ म्हणाले, "शोभा, मी हाये." पलीकडून फोन ठेवल्याचा खट्ट आवाज मात्र मलाही आला.

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, आसन गुंडाळलं आणि दुकानात जाऊन अंधारात गादीवर बसले. बाई आल्यावर तिला फक्त एवढंच म्हणाले, "उद्या डबा दे. कळंबला जाऊन येतो." बाई गोंधळली. कारण लेकीला पहिलं मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असं आमच्याकडं काटेकोर पाळत, आणि म्हणूनच बाप सहसा लेकीच्या दारी फिरकत नसे. तिकडं जाऊन उपाशी बसायचं, आणि वर व्याह्यांचे रुसवे. बाईनं खाकरे, पापडाची भाजी आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली दिली. भाऊ सकाळच्या एस्टीनं नारायणगावला आणि तिथून कळंबला गेले.

त्या संध्याकाळी बाईसुद्धा घरात थांबली नाही. कळंबचं नाव निघाल्यावर फोनचा उलगडा तिला रात्रीच झाला होता आणि माझ्या तोंडाकडं बघायची तिला चोरी झाली होती. मी टीव्ही लावला. मालिका संपत आली होती, यानाला पृथ्वीचा पहिला निळा ठिपका दिसतो तो भाग होता. लहानपणी या भागाला पंचवीस पोरं ओरडली होती. मी फोनजवळ सरकून बसले, अगदी खुळ्यासारखी. तो वाजला नाही. वाजणार नव्हताच, तिथं आज भाऊ होते. मी स्वतःला बजावलं की ताईजवळ आज आपलं माणूस आहे, आपल्याला आनंद व्हायला हवा. झालाही. पण त्याच्या दुप्पट हेवा वाटला, आणि हेव्यापेक्षाही एकटं वाटलं. शेजारी भाकरी थापत होते. मी टीव्ही बंद न करताच उठून कोठीत जाऊन उभी राहिले आणि पुन्हा परत आले, कारण तिथंही काही नव्हतं.

भाऊ मुक्कामाला राहिले, हे दुसरं आक्रीत. सकाळी आले, आंघोळ केली, दूध घेतलं, आणि दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊन मधल्या खोलीत माझ्यापाशी बसले. बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. भाऊ म्हणाले, सूर्य मावळायच्या आत मी व्याह्यांच्या पंगतीत माझा डबा उघडून बसलो. ते रुसले, मग त्यांनीच माझ्या डब्यातली पापडाची भाजी मागून घेतली. सगळे स्थानकात निघाले तेव्हा मी म्हटलं, तुमी व्हा पुढं, मी आज प्रतिक्रमण हितंच करतो. आन् शोभे, तू टीव्ही लाव. "तुमच्या यानाचं मला काय ठाव? म्हटलं, समजून सांग. तर पोरगी बोलाय लागली. कोण कप्तान, कोण डाक्तर, कुठनं निघाले, कुठं चुकले. समदं पहिल्यापासनं. मंडळी परत आली तरी बोलतीच हाये. तिची सासू दारात हुबी राहिली. मला वाटलं, आता काय म्हणती. तर ती आसन टाकून खाली बसली आन् हातानं खुणावलं, चालू दे."

"मग? पृथ्वी दिसली का?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

"दिसली आसंल. मी टीव्हीकडं बघतच नव्हतो. मी तिच्याकडं बघत व्हतो." भाऊंनी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "दर रविवारी मी तिला इचारायचो, कशी हायेस. ती सांगायची आन् मी मानायचो. फोनवर कधी कळलं न्हाई."

बाईनं डोळ्याला पदर लावला आणि आत गेली. मला वाटलं, आता भाऊ उठतील, दुकानाची वेळ टळून गेली होती. पण ते उठले नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बहुधा कितीतरी महिन्यांनी नीट पाहिलं, आणि विचारलं, "आन् तू गं? तुज्याशी कोण बोलतं दिवसभर?"

अभ्यास असतो, असं काहीतरी मी म्हणणार होते. ते ओठावर आलंही होतं.

"कुणीच नाही, भाऊ," मी म्हटलं.

पुढं गिऱ्हाईक दुकानाची फळी ठोठावत होतं. भाऊंनी किल्ल्या जमिनीवर ठेवल्या, भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाले, "मग सांग, काल काय झालं त्यात. ती निळी पृथ्वी दिसल्यावर."